बंदर-वाहतुकीतला गॅलिशियन अनुवादक कुठे शोधायचा?

प्रश्न आलाय तो असा. पुण्यातली एक छोटी अनुवाद-संस्था आहे. युरोपातल्या एका एजन्सीने तिला इंग्रजीतून गॅलिशियनमध्ये, म्हणजे स्पेनमधल्या गॅलिसियाच्या भाषेत, 18,000 शब्दांचं काम देऊ केलंय. त्यात ट्रकचालकांसाठी एक पुस्तिका आहे आणि बंदराच्या गेटवर वापरायच्या ॲपमधला मजकूर. मुदत तीन आठवड्यांची. विचारणाऱ्यांचं म्हणणं, 'ट्रान्सपोर्ट-शिपिंग येणारा गॅलिशियन अनुवादक मिळतो कुठे? नाहीच मिळाला तर गोव्यातला पोर्तुगीज जाणणारा कुणी चालेल का?'

मी पुण्यात 19 वर्षं व्हेंडर मॅनेजमेंट करतेय. म्हणजे अनुवादक शोधायचे, पारखायचे आणि त्यांचे पैसे वेळेवर जातील असं बघायचं. गॅलिशियनची कामं वर्षाकाठी दोन-तीनच येतात, पण डोकं खातात.

गोव्याचं आधी निकालात काढू. चालणार नाही. गॅलिशियन आणि पोर्तुगीज मध्ययुगात एकच भाषा होती हे खरं, आणि पोर्तुगीज येणाऱ्याला गॅलिशियन मजकूर वाचून बराचसा कळतो हेही खरं. पण मालवणी नाटक कळलं म्हणून पुणेकर मालवणीत नाटक लिहायला बसत नाही. पोर्तुगीजमध्ये आगगाडी 'कोंबोयो', गॅलिशियनमध्ये 'त्रेन'. पोर्तुगीज बस 'आउतोकार्रो', गॅलिशियन बस 'आउतोबुस'. बंदराचा धक्का तिकडे 'काइश', इकडे 'पेइराओ'. शुद्धलेखनाची तर तऱ्हाच वेगळी. त्यात फसवतात ते सारखे दिसणारे शब्द. कस्टमसाठी गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज दप्तरांत 'आल्फान्देगा' आहे, तोच शब्द गॅलिशियनमध्येही चालतो. असे चार शब्द जुळले की माणसाला वाटतं, सगळंच जमेल. आपलं घमेलं पोर्तुगीज 'गामेला'वरून आलं, म्हणजे लाकडी काथवट. गॅलिसियाच्या किनाऱ्यावर मात्र 'गामेला' म्हटलं की मासेमारीची सपाट बुडाची होडी डोळ्यांपुढे येते. गोव्यातल्या माणसाला फार तर दोन मजकूर समोरासमोर ठेवून काही गाळलंय का, आकडे जुळतात का, एवढं बघायला सांगा. त्या कामाला तो उत्तम.

आता मुख्य गोष्ट, जी एजन्सीला होकार कळवायच्या आधी बघायची. हा मजकूर गॅलिशियनमध्ये वाचणार कोण? गॅलिसिया हा स्पेनच्या वायव्य टोकाचा स्वायत्त प्रांत, वस्ती सुमारे 27 लाख. 1981च्या स्वायत्तता कायद्याने तिथे गॅलिशियन आणि स्पॅनिश दोन्ही राजभाषा आहेत, आणि गॅलिशियन बोलणाऱ्या प्रत्येकाला स्पॅनिश येतंच. त्यामुळे व्यापारी कागद गॅलिशियनमध्ये मागायची गरज सहसा कुणाला पडत नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, इंग्रजीत असतं, चार्टर पार्टी, म्हणजे जहाज भाड्याने घ्यायचा करार, इंग्रजीत असते, ट्रकमधल्या मालाबरोबर जाणारा कागद, म्हणजे कन्साइनमेंट नोट, स्पॅनिशमध्ये भागते. गॅलिशियन लागतं ते प्रांतिक सरकारच्या म्हणजे शुन्ताच्या निविदेत, नगरपालिकेच्या बस-ॲपमध्ये, विगोहून कांगासला जाणाऱ्या फेरीबोटीच्या पाट्यांवर, रस्ता-सुरक्षेच्या मोहिमेत, नाहीतर गॅलिसियातल्या सामान्य गिऱ्हाइकाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावंसं वाटणाऱ्या कुरिअर कंपनीला. तुमची पुस्तिका सरकारी अनुदानाच्या प्रशिक्षणासाठी असेल आणि ॲप शुन्ताच्या अखत्यारीतल्या एखाद्या छोट्या बंदरासाठी, तर मागणी रास्त आहे. तसं नसेल तर एजन्सीला विचाराच. एकदा आमच्याकडे 'गॅलिशियन' म्हणून आलेलं काम चौकशीअंती पोलंड-युक्रेनमधल्या गॅलिशियाचं निघालं होतं. तिथे हवी होती युक्रेनियन.

दुसरा घोळ 'शिपिंग' या शब्दाचा. अनुवादकांच्या आंतरराष्ट्रीय निर्देशिकांत 'ट्रान्सपोर्ट आणि शिपिंग' असं एकच खूण करायचं खोकं असतं. त्या खोक्यात जहाजाच्या इंजिनरूमची पुस्तिका करणारा असतो, ऑनलाइन दुकानाच्या 'फ्री शिपिंग'च्या ओळी करणाराही असतो, आणि रेल्वे-सिग्नलवालाही. तीन वेगळे धंदे. त्यात बऱ्याच जणांनी एका दुपारी बसून पंधरा खोकी भरलेली असतात. गॅलिशियनसारख्या भाषेत निव्वळ जहाजवाहतुकीवर पोट भरेल इतकं काम नसतं, हे माहीत असलं की त्यांचा राग येत नाही. म्हणून मी खोकं बघत नाही. त्या माणसाने अनुवादाखेरीज काय केलंय ते बघते. वडील ट्रॉलरवर होते, दोन वर्षं फॉरवर्डरच्या (दुसऱ्यांचा माल पाठवायची व्यवस्था बघणाऱ्याच्या) ऑफिसात काढली, विगोच्या मोटारकारखान्याच्या सप्लायरकडे कागदपत्रं केली, ही माहिती प्रोफाइलच्या तळाशी कुठेतरी एका ओळीत असते. तीच कामाची.

शोधायला सुरुवात विगोपासून करा, आणि तीही दोन कारणांनी. विगो हे युरोपातलं मोठं मासेमारी-बंदर. 1958 पासून तिथे मोटारींचा मोठा कारखाना आहे आणि गाड्या बोउसास टर्मिनलवरून रो-रो जहाजांनी, म्हणजे गाड्या चालवतच आत नेता येतात अशा जहाजांनी, बाहेर जातात. आणि अनुवादाची पदवी देणारी गॅलिसियातली विद्याशाखाही विगो विद्यापीठातच आहे. तिथे गॅलिशियन हाताशी धरून इंग्रजी शिकलेली मुलं बाहेर पडतात. शाखेच्या ऑफिसला थेट मेल टाकला तर कधी उत्तर येतं, कधी नाही. त्यापेक्षा खात्रीचा रस्ता म्हणजे अनुवादक-दुभाष्यांची गॅलिशियन संघटना, 'आगप्ती'. ती 2001 पासून आहे. तिच्या सभासदांच्या यादीत भाषाजोडीने शोधता येतं. यादी लहान आहे, हाच तिचा फायदा. सगळे एकमेकांना ओळखतात. पहिल्याने 'मला जमणार नाही' म्हटलं तरी 'अमुक जणीला विचारा' एवढं तो सांगतो, आणि ती अमुक जण बहुतेकदा बरोबर निघते. मला आजवर चांगले गॅलिशियन अनुवादक मिळाले ते नकार देणाऱ्यांकडूनच.

शपथप्रमाणित, म्हणजे सरकारमान्य अनुवादकाने सही-शिक्क्यानिशी दिलेला अनुवाद हवा असेल तर गोष्ट वेगळी. गॅलिशियनसाठी तशी मान्यता शुन्ता देते, मॅड्रिडचं परराष्ट्र खातं नव्हे. तुमच्या कामात त्याची गरज दिसत नाही.

पहिला मेल नीट लिहा. 'डियर लिंग्विस्ट' असं लिहून शंभर जणांना एकदम टाकलेला मेल उघडताक्षणी कचऱ्यात जातो. भारतातल्या एजन्स्यांनी हे इतक्या वर्षांत इतकं केलंय की आपल्या नावामागे ते आता लागलंच आहे. माणसाचं नाव घाला. मग शब्दसंख्या, फाइलचा प्रकार, कोणतं कॅट टूल (अनुवादकाला मदत करणारं सॉफ्टवेअर), मुदत, तपासणी कोण करणार, दर युरोमध्ये, पैसे किती दिवसांत. दर विचारा, सांगू नका. स्पेनमधल्या स्वतंत्र व्यावसायिकाला दर महिन्याला सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरावाच लागतो, काम असो वा नसो. साठ दिवसांनी पैसे, हे ऐकून चांगला माणूस पळतो. तीस दिवस म्हणा आणि पाळा. परदेशी पेमेंटवर टीडीएसचा प्रश्न येतो, तेव्हा सीएला आधीच विचारून ठेवा आणि टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तो करासाठी कोणत्या देशाचा रहिवासी आहे त्याचा दाखला, लागणार असेल तर पर्चेस ऑर्डरबरोबरच (पीओ) मागा. काम झाल्यावर मागितलं की समोरच्याला वाटतं, पैसे अडवायचा बहाणा आहे.

आता परीक्षेकडे येते, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. दोनशे-अडीचशे शब्दांचा नमुना द्या आणि त्याचे पैसे द्या. नमुना इंटरनेटवरून उचलू नका, तुमच्याच पुस्तिकेतून काढा, आणि त्यात मुद्दाम चार खड्डे ठेवा.

पहिला खड्डा 'कन्साइनी', म्हणजे माल ज्याच्या नावाने आलाय तो. स्पेनच्या बंदरांत 'कोन्सिग्नातारियो' म्हटलं की जहाजमालकाच्या वतीने बंदरात सगळं बघणारा एजंट समजतात. 2014च्या सागरी नौवहन कायद्यातही त्याची ओळख हीच. गॅलिशियनमध्ये शब्द तोच. माल ज्याच्या नावाने आलाय त्यालाही काही जण सर्रास तेच म्हणतात. ट्रकचालकाने कुणाची सही घ्यायची, हे त्या एका शब्दावर अडलेलं असतं. जाणकार अनुवादक इथे 'देस्तिनातारियो' लिहितो, किंवा थांबून विचारतो.

दुसरा 'पोर्ट'. ॲपमध्ये एका पडद्यावर 'पोर्ट' म्हणजे बंदर, दुसरीकडे चार्जिंगचं भोक, आणि जहाजाच्या आकृतीत डावी बाजू, म्हणजे 'बाबोर'. संदर्भाशिवाय सुटी ओळ हातात आली की कुणीही चुकेल. न चुकणारा तो, जो विचारतो.

तिसरा 'डॉक'. गोदामाचा ट्रक लावायचा डॉक आणि जहाज लागतं तो धक्का. गॅलिशियनमध्ये दोन्हींना 'पेइराओ' चालतं, पण पहिल्याला पुढे 'दे कार्गा' जोडावं लागतं.

चौथा खड्डा व्याकरणाचा, आणि तो गॅलिशियन न येणाऱ्यालाही तपासता येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. गॅलिसियात खूपसं काम इंग्रजीतून सरळ होतच नाही. आधी इंग्रजीचं स्पॅनिश होतं आणि मग स्पॅनिशचं गॅलिशियन मशीन करून टाकतं. या दोन भाषा इतक्या जवळच्या आहेत की मशीनचा निकाल पहिल्या नजरेला छान दिसतो. पण स्पॅनिशचा सांगाडा आत राहतो. 'ट्रक आधीच पोचला होता' हे स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदांनी सांगतात, 'आबिया येगादो'. गॅलिशियन ते एकाच शब्दात सांगते, 'चेगारा'. मशीन, किंवा स्पॅनिशमध्ये विचार करणारा घाईतला माणूस, 'आबिया चेगादो' लिहून मोकळा होतो. दुसरी खूण 'से'. 'माल चढवला गेला' हे स्पॅनिशमध्ये 'से कार्गो', गॅलिशियनमध्ये साध्या होकारार्थी वाक्यात तो 'से' क्रियापदाला मागून चिकटतो, 'कार्गोउसे'. फाइलमध्ये हे दोन शब्द (había आणि se) शोधा. 'आबिया' जिथे जिथे दिसेल तिथे चूकच असं नाही, कारण 'होता, होते' या अर्थी तो गॅलिशियनमध्येही आहे. त्याच्यापुढे 'आदो' किंवा 'इदो'ने संपणारा शब्द आला तरच कान टवकारायचे. एका पानावर असे पाच सापडले तर ते काम इंग्रजीवरून झालेलं नाही.

हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी ट्रेलरच्या देखभालीची एक पुस्तिका आमच्याकडे आली होती. मुदत कमी होती. एका मध्यस्थ एजन्सीने 'आमची गॅलिशियन टीम आहे' म्हणून काम उचललं. फाइल आली, शब्दसंख्या बरोबर, मांडणी सुरेख. मी आकडे तपासले आणि पुढे पाठवून दिली. चार दिवसांनी विगोहून एका वर्कशॉपवाल्याचा निरोप फिरत फिरत आमच्यापर्यंत आला. पुस्तिकेत लिहिलं होतं, दर दहा हजार किलोमीटरनंतर मागचा धक्का तडे गेलेत का ते तपासावा. धक्का म्हणजे बंदराचा. मूळ इंग्रजीत होती सस्पेन्शनची स्प्रिंग. स्पॅनिशमध्ये स्प्रिंगला आणि धक्क्याला एकच शब्द, 'मुएये'. मशीनने त्यातला दुसरा उचलला आणि सगळीकडे 'पेइराओ' घालत गेलं. गॅलिशियनमध्ये स्प्रिंगला 'रेसोर्ते' म्हणतात. मी ते वाचून आधी हसले, कारण भाऊच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसाला धक्का हा शब्द किती ठिकाणी बसतो ते सांगावं लागत नाही. मग मोजलं तर तो शब्द पुस्तिकेत 31 वेळा होता. हसू गेलं. सगळं पुन्हा करून दिलं, आमच्या खर्चाने.

त्यामुळे मशीनला बंदी घाला असं मी म्हणणार नाही. बहुतेक अनुवादक आता ते वापरतात, आणि ॲपमधल्या एकसारख्या ओळींना त्याने काही बिघडत नाही. पीओमध्ये एवढंच लिहा की स्पॅनिशमार्गे काम नको, मशीन वापरलं तर सांगायचं, आणि दुसऱ्या माणसाची तपासणी होणारच. अनुवाद-सेवेच्या आयएसओ 17100 या मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून तपासणं सक्तीचं आहे, त्याचा आधार घेतला की भाषण द्यावं लागत नाही.

तो दुसरा माणूस कोण, यावर आमच्या ऑफिसात नेहमी वाद होतो. माझं मत असं की अनुवादक भाषेतला घ्यावा आणि तपासणारा धंद्यातला. दोघेही भाषेतलेच घेतले तर पुस्तिका व्याकरणशुद्ध होते आणि ड्रायव्हरला कळत नाही. पण धंद्यातला माणूस गॅलिशियन घरी बोलतो आणि कामावर स्पॅनिश शब्द वापरतो. होडीचे भाग, जाळी, वारा, भरती यांसाठी गॅलिशियनमध्ये शब्दांची लयलूट आहे, कारण तिथली माणसं पिढ्यान्पिढ्या त्यावर जगली. कंटेनर, टर्मिनल, लॉजिस्टिक्स हे उशिरा आलं आणि स्पॅनिशमधून आलं. त्यामुळे कंटेनरला प्रमाण शब्द 'कोन्तेदोर' असला तरी गेटवरचा माणूस 'कोन्तेनेदोर' म्हणेल, रस्त्याला 'एस्त्रादा'ऐवजी 'कार्रेतेरा' म्हणेल, आणि तुमच्या फाइलमध्ये तसंच दुरुस्त करून ठेवेल. अशा वेळी मी अनुवादकाच्या बाजूने जाते, एक जागा सोडून. धोक्याची सूचना असेल, आणि जाणकार म्हणत असेल की हा शब्द चालकाला क्षणात कळणार नाही, तर त्याचं ऐकते. इतर ठिकाणी प्रमाण शब्द ठेवायचा. गिऱ्हाईक मुद्दाम गॅलिशियनला पैसे देतंय, त्याला स्पॅनिशचा रंग नकोय.

शब्दांवरून वाद झाला तर निवाड्याला जागा आहेत. 1906 साली स्थापन झालेल्या रेआल अकादेमिया गालेगाचा कोश नेटवर मोकळा आहे. सान्तियागो विद्यापीठाचा 'बुस्कातेर्मोस' नावाचा पारिभाषिक शब्दसंग्रह आहे. पण वाहतुकीसाठी मला सगळ्यांत उपयोगी पडतं ते 'दियारियो ओफिसियाल दे गालिसिया', म्हणजे तिथलं राजपत्र. ते गॅलिशियन आणि स्पॅनिश दोन्हीत निघतं. टॅक्सी-परवाने, बसमार्ग, बंदर-शुल्क, सगळं त्यात येतं, आणि दोन स्तंभ शेजारी ठेवले की आयता शब्दकोश तयार. युरोपीय संघाकडून अशी मदत होत नाही. गॅलिशियन ही संघाची अधिकृत भाषा नाही. स्पेनने ऑगस्ट 2023 मध्ये तशी मागणी केली, पण त्याला सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागतं. म्हणून टॅकोग्राफचे (ट्रकचा वेग आणि चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र) किंवा चालकाच्या विश्रांतीच्या तासांचे युरोपीय नियम स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये अधिकृत मिळतात, गॅलिशियनमध्ये अनुवादकालाच घडवावे लागतात. त्याला त्याचा वेळ द्या.

वेळेचा हिशेब. एक माणूस दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द नीट करतो. तुमच्या 18,000 शब्दांना आठ-नऊ दिवस, तपासणीला चार, दुरुस्त्यांना दोन. तीन आठवडे पुरतात, पण दोन अनुवादकांत वाटून नऊचे पाच दिवस करायच्या फंदात पडू नका. पुस्तिकेत एक 'आता' लिहील, दुसरा 'आते'. दोन्ही मान्य आहेत, अर्थ एकच, 'पर्यंत'. 2003च्या लेखन-नियमांनी अशा बऱ्याच जोड्यांना मोकळीक दिली आहे. एकाच पुस्तिकेत दोन्ही आले की मात्र वाचणाऱ्याला ती शिवलेली गोधडी वाटते. तसंच चालकाला 'ती' म्हणायचं की 'बोस्तेदे', म्हणजे आपल्या तू आणि तुम्हीमधला निर्णय, गिऱ्हाइकाकडून पहिल्याच दिवशी लेखी घ्या. कॅलेंडरही बघा. 17 मे हा तिथे गॅलिशियन साहित्याचा दिवस, 25 जुलै गॅलिसियाचा दिवस. दोन्ही दिवशी सुट्टी, आणि ऑगस्टमध्ये कुणी फोन उचलेल अशी आशा धरू नका. एरवी ते आपल्या साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही सकाळी पाठवलेल्या शंकेचं उत्तर दुपारच्या चहापर्यंत येतं.

नमुने आले की निकाल कसा लावायचा, तेही सांगते. तीन नमुने आले, दोन स्वच्छ आणि शंकेविना, तिसऱ्याबरोबर सात प्रश्न, तर मी तिसऱ्याला काम देते. मागच्या खेपेला जिला दिलं तिने पहिल्याच मेलमध्ये विचारलं होतं की 'लोड' ही ओळ बटणावर आहे की यादीच्या मथळ्यावर, कारण एक ठिकाणी 'कार्गार' लागेल, दुसरीकडे 'कार्गा'. आमच्या इंजिनिअरने तीन दिवस घेऊन पडद्यांचे फोटो पाठवले. तेव्हा कळलं, ती ओळ दोन्ही ठिकाणी होती.

आज फाइल उघडाल तेव्हा एक काम करून ठेवा. 'पोर्ट', 'डॉक', 'लोड', 'ट्रॅक', 'स्प्रिंग' आणि 'शिपिंग' हे सहा शब्द त्यात किती ठिकाणी आहेत ते शोधा, प्रत्येकासमोर त्या पडद्याचा किंवा पानाचा फोटो लावा, आणि ती फाइल नमुन्याबरोबरच जाऊ द्या.